टोकियोत भाड्याचं घर: स्टेशन नव्हे, चोमे (वस्तीचा क्रमांक दिलेला तुकडा) निवडताना

१३ जानेवारी २०२४, शनिवार

टोकियोत येऊन आठवडा झाला. कंपनीने मोन्झेन-नाकाचोला एक खोली दिली आहे, सामानासकट, पण फक्त ३१ मार्चपर्यंत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवरा आणि चार वर्षांची लेक येणार. त्याआधी घर ताब्यात हवं. आमच्याच ऑफिसमध्ये पुण्याहून आणखी काही जण येणार आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून जे घडेल ते तारखेनिशी लिहून ठेवते आहे.

गरजा अशा. ऑफिस ओतेमाचीत, दारापासून दारापर्यंत पाऊण तास चालेल. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. शेगडी गॅसची, कारण रोज पोळ्या होणार. लिफ्ट हवीच, दिवाळीच्या सुमारास सासूबाई येतील आणि त्यांना जिने चढवत नाहीत. भाडं सगळं मिळून १,४०,००० येनच्या आत. आज १०० येनला साधारण ५६ रुपये पडतात, म्हणजे अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मी दिवसभर ऑफिसात असेन. नवरा वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन येतो आहे, घरी तो आणि लेक. तेव्हा परिसर निवडायचा तो त्या दोघांच्या दिवसासाठी.

नकाशावर चार नावं मांडली: निशी-कासाई, ओजिमा, हिकारीगाओका, आणि टोकियोची हद्द ओलांडून चिबातलं ग्योतोकू. ऑफिसातले भारतीय सहकारी एकमुखाने निशी-कासाई म्हणतात. जपानी सहकारी तितक्याच एकमुखाने 'पूर्वेकडे नको' म्हणतात, आणि कारण विचारलं की विषय बदलतात.

२० जानेवारी, शनिवार

पहिली फेरी घरदलालांकडे. इथे त्यांच्या दुकानाला फुदोसान म्हणतात, प्रत्येक स्टेशनाबाहेर काचेवर घरांचे आराखडे चिकटवलेले असतात.

नेटवर पाहून ठेवलेली तीन घरं दाखवा म्हटलं. पहिलं 'कालच गेलं'. दुसरं 'आज सकाळीच गेलं'. तिसऱ्यासाठी त्या माणसाने माझ्यासमोर मालकाच्या कचेरीत फोन लावला. पहिल्याच वाक्यात 'ग्राहक परदेशी आहेत' हे आलं, मग बराच वेळ नुसते होकार, मग फोन ठेवून मान झुकवून माफी. घर रिकामं होतं, फक्त आम्हाला मिळणार नव्हतं. बाकीची दोन तरी खरंच होती का, याची मला शंका आहे. ग्राहक दुकानात यावा म्हणून गेलेली घरं जाहिरातीत तशीच ठेवायची, हा प्रकार इथे सर्रास चालतो आणि जपान्यांनाही त्याचा तितकाच त्रास होतो.

पुढच्या दुकानात मी क्रम उलटा केला. आधी सांगितलं: परदेशी, नोकरी कायमची, कुटुंब तिघांचं, ज्या मालकांना चालतं तेवढीच घरं काढा. जाडजूड फाइलमधून सात-आठ कागद उरले. निदान वेळ तरी वाचला.

जाहिरात वाचायच्या दोन किल्ल्या, ज्या कोणी आपणहून सांगत नाही. '२डीके' आणि '२एलडीके' यात खोल्या दोनच, फरक स्वयंपाकघर-बैठकीच्या मापाचा: पहिल्यात सहा जो पुरे, दुसऱ्यात दहा तरी हवेत. एक जो म्हणजे निदान १.६२ चौरस मीटर. दुसरी किल्ली: 'स्टेशनपासून पायी १० मिनिटं' हे मिनिटाला ८० मीटर या दराने काढलेलं असतं. सिग्नल, पूल, लेकीचं रेंगाळणं त्यात धरलेलं नसतं.

२४ जानेवारी, बुधवार

घर बघण्याआधी गाडी बघायची असं ठरवलं. सकाळी उलट दिशेने निशी-कासाईला गेले आणि पावणेआठला तिथल्या फलाटावर उभी राहिले.

निशी-कासाईहून ओतेमाचीला नेणाऱ्या तोझाई लाइनचं दुखणं असं की गाडी चिबातून भरूनच येते. निशी-कासाईला येईपर्यंत उभं राहायच्या जागाही संपलेल्या. दार उघडलं की कडेची दोन-तीन माणसं खाली उतरतात, उतरणाऱ्यांना वाट देतात, मग पाठमोरी होऊन, वरच्या चौकटीला हात टेकवून स्वतःला आत ढकलून घेतात. पाठीवरच्या पिशव्या पोटावर. कोणी ओरडत नाही, कोणी 'आगे चलो' म्हणत नाही. किबा ते मोन्झेन-नाकाचो हा टप्पा सगळ्यात वाईट; २०१९ साली तिथली गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली गेली होती, देशात पहिला नंबर. आता तितकी नाही, पण लोकल पाहिलेल्या माणसालाही दडपण येईल इतकी आहे. सकाळी एक डबा बायकांसाठी राखीव असतो, तो जरा बरा.

मी तीन गाड्या सोडून चौथीत चढले. ओतेमाचीला पंधरा-सतरा मिनिटांत पोचले, एकही गाडी न बदलता. हे वेळेचं गणित मोठं आहे.

मग दुसऱ्या वेळा पाहिल्या. नऊ वीसच्या गाडीत उभी होते पण पुस्तक उघडता आलं. आमच्या ऑफिसात दहापर्यंत कधीही आलं तरी चालतं. म्हणजे तोझाई लाइन मला बाद नाही. ज्यांना नऊला हजेरी लावायची आहे त्यांनी मात्र दहादा विचार करावा.

जलद गाडी निशी-कासाईला थांबत नाही, हेही लिहून ठेवते. नकाशात उरायासू लांब दिसतं, पण जलद गाडी तिथे थांबते.

२७ जानेवारी, शनिवार

निशी-कासाईत बरीच वर्षं राहणाऱ्या एका काकूंकडे जेवायला गेले होते. मूळच्या कोल्हापूरच्या. ऑफिसातल्या एकाने ओळख करून दिली. पिठलं-भाकरी झाली आणि मग त्यांनी कपाटातून घडी घातलेला मोठा नकाशा काढून जमिनीवर पसरला.

"अगं, निशी-कासाई निशी-कासाई काय करतेस? स्टेशनाच्या नावावर घर घेऊ नकोस. चोमे विचार. आधी हे बघ."

निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डाने २०१९ मध्ये घरोघर वाटलेला पुराचा नकाशा. मुखपृष्ठावरच वॉर्डाचं चित्र आणि त्यावर वाक्य: 'इथे थांबून चालणार नाही.' स्वतःच्या रहिवाशांना इतक्या स्पष्ट शब्दांत सांगणारं सरकारी कागदपत्र मी आजवर पाहिलेलं नाही. वॉर्डाची जवळपास ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. कारखान्यांनी वर्षानुवर्षं भूजल उपसलं, जमीन बसत गेली, आणि आता पश्चिमेला आराकावा नदी, पूर्वेला एदोगावा नदी, दक्षिणेला समुद्र, मध्ये ही खोलगट वाटी. बांध फुटले तर पाणी एक-दोन आठवडे हटणार नाही. आसपासचे कोतो, सुमिदा, आदाची, कात्सुशिका धरले तर पाच वॉर्डांतले २५ लाख लोक पाण्यात. जपानी सहकारी पूर्वेकडे नको का म्हणत होते ते आता कळलं.

सगळा नकाशा गडद रंगांनी भरलेला. आणि काकूंनी बोट ठेवलं ते दक्षिणेकडे, स्टेशनाच्या खाली, जिथे रंग जवळजवळ नाहीच: सेइशिन-चो आणि त्याला लागून रिंकाई-चोचा काही भाग. ही जमीन नंतर समुद्रात भराव घालून केलेली, उंच घेतलेली. तेच स्टेशन, तेच किराणा दुकान, तीच माणसं. फक्त पंधरा मिनिटं दक्षिणेला.

याची दुसरी बाजूही त्यांनीच सांगितली. भरावाची जमीन मोठ्या भूकंपात पातळ होते, खालून चिखल-पाणी वर येतं. २०११ मध्ये शेजारच्या उरायासूत रस्ते उखडले, नळ-गटारं तुटली. उंच इमारती खोल खांबांवर असतात, त्या उभ्या राहतात. पण कित्येक दिवस संडास वापरता येत नाही. पूर की ती गैरसोय, यातलं एक पत्करावं लागतं. मी दुसरं पत्करीन.

इथे भारतीय का जमले हेही त्या संध्याकाळी नीट समजलं. २००० सालच्या संगणक-संकटाच्या वेळी आलेल्या अभियंत्यांची ऑफिसं ओतेमाची, निहोम्बाशी, कायाबाचो इथे होती, म्हणजे तोझाई लाइनवर. आणि या भागात सरकारी गृहसंस्थेच्या, म्हणजे यूआरच्या वसाहती होत्या, जिथे परदेशी म्हणून कोणी नकार देत नव्हतं. पुढे शाळा आली, दुकानं आली. आपल्या महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून गेले.

३ फेब्रुवारी, शनिवार

ओजिमा पाहिलं. कोतो वॉर्ड, शिंजुकू लाइन. स्टेशनाबाहेर पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हिंदी, तेलुगू आणि मराठी कानावर आली. १९६९ च्या सुमाराची यूआरची अवाढव्य वसाहत, मधल्या मैदानात मुलं, जवळच भाजी-फळांची स्वस्त दुकानं. राहायला छान. ओतेमाचीला जायचं तर सुमियोशीला उतरून हान्झोमोन लाइन धरायची. गर्दी तोझाईपेक्षा पुष्कळ कमी.

पण रिकामं होतं ते दुसऱ्या मजल्यावर, आणि नकाशात हा सगळा भाग गडद. आठव्या मजल्यावर असतं तर कदाचित घेतलंही असतं. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा वयस्क माणूस नाही त्यांनी ओजिमा जरूर बघावं.

ग्योतोकू यादीतून काढलं. भाडं खरंच कमी आहे, पण गाडी तीच तोझाई, आणखी मागून चढायची, आणि नदीपलीकडे असल्याने पुराचा प्रश्न तसाच.

५ फेब्रुवारी, सोमवार

दुपारपासून जोराचा बर्फ. तीन वाजता ऑफिसातून सगळ्यांना घरी पाठवलं. तोझाई लाइन मिनामी-सुनामाचीच्या पुढे जमिनीवर येते आणि उंच पुलावरून आराकावा ओलांडते. वारा-बर्फ असला की तिथे वेग कमी करतात, कधी थांबवतातच. याच पुलावर फेब्रुवारी १९७८ मध्ये वावटळीने गाडीचे डबे उलटवले होते. कासाईचा सहकारी 'पोचलो' असा निरोप टाकेपर्यंत बराच वेळ गेला. मी भुयारी गाडीने निवांत पोचले.

१२ फेब्रुवारी, सोमवार, सुट्टी

हिकारीगाओका. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नेरिमा वॉर्डात, उंचावरच्या पठारावर. युद्धकाळात इथे धावपट्टी होती, मग अमेरिकन सैनिकांची वसाहत, १९७३ मध्ये जमीन परत मिळाली आणि मग हे आखीव नगर उभं राहिलं. पुराच्या नकाशावर नाव घेण्यासारखं काही नाही. ओएदो लाइन इथूनच सुटते, म्हणजे सकाळी बसायला जागा नक्की. उद्यान इतकं मोठं की लेक एक टोक पाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत झोपेला येईल.

मन जवळजवळ ठरलं होतं. उद्यानातूनच नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावून झाडं, तळं, वाचनालय, बाजार सगळं दाखवलं. तो शांतपणे बघत होता. मग म्हणाला, "सुंदर आहे. पण मला जपानी येत नाही, हिला येत नाही. तू रात्री आठला येणार. तोवर आम्ही कोणाशी बोलायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय शिंजुकूला बदलून ओतेमाची गाठायला तासभर लागतो, तो येऊन-जाऊन दोन तास लेकीच्या वाट्याचा. हिकारीगाओका कागदावर सगळ्यात चांगलं होतं. ज्यांचं जोडीदार माणूस जपानी बोलतं किंवा स्वतः नोकरीला जातं, त्यांनी निशी-कासाईच्या आधी हे बघावं असं मी अजूनही म्हणेन.

१७ फेब्रुवारी, शनिवार

निशी-कासाई स्टेशनाच्या उत्तरेला एक २एलडीके आवडलं. तिसरा मजला, लिफ्ट, गॅस, दक्षिणेची गॅलरी. पुराच्या नकाशात तिथे पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत येऊ शकतं, म्हणजे घर कोरडं पण वीज-पाण्याविना अडकून पडायचं. सेइशिन-चोत खाजगी मालकाचं काही मिळत नव्हतं, मार्च तोंडावर आला होता. मार्च-एप्रिलमध्ये इथे सगळा देश घर बदलतो: नोकऱ्या, बदल्या, कॉलेजं सगळं एप्रिलला सुरू होतं. म्हणून अर्ज केला.

सुरुवातीच्या खर्चाचा कागद जसाच्या तसा उतरवते:

भाडं महिना १,२८,०००, वर देखभाल ८,०००.
अनामत, शिकिकिन, एक महिना: १,२८,०००.
मालकाला द्यायचे 'आभाराचे' पैसे, रेईकिन, परत न मिळणारे, एक महिना: १,२८,०००.
दलाली, एक महिना अधिक कर: १,४०,८००.
हमी कंपनीची (आपलं भाडं थकलं तर मालकाला भरून देणारी) फी, महिन्याच्या रकमेच्या निम्मी: ६८,०००.
आगीचा विमा दोन वर्षांचा: २०,०००.
कुलूप बदलणं: २२,०००.
पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ: १,३६,०००.

एकूण ६,४२,८०० येन. साडेतीन लाख रुपयांच्या वर, घरात एक दिवा नसताना. दोन वर्षांनी करार वाढवताना आणखी एका महिन्याचं भाडं. दलालीचा आकडा कमी करून मागता येतो, काही दुकानं अर्ध्यावर येतात. रेईकिनही मागून पाहावं, पण मार्चमध्ये कोणी ऐकत नाही.

याच दुकानात एक घर फारच स्वस्त दिसलं होतं. कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'ठरावीक मुदतीचा करार' असं होतं. दोन वर्षं झाली की मालक म्हणेल तर उठायचं, वाढवून मिळण्याचा हक्क नाही. स्वस्ताईचं कारण बहुतेकदा हेच असतं, तेवढी ओळ शोधावी.

२६ फेब्रुवारी, सोमवार

नकार आला. हमी कंपनीने आधी जपानमधल्या माणसाचा आणीबाणीचा संपर्क मागितला. आमच्या विभागप्रमुखांनी स्वतःचा नंबर दिला. मग मला कामाच्या वेळी फोन, जन्मतारीख, पगार, व्हिसाची मुदत, सगळं जपानीत. ते पार पडलं. हमी मंजूर झाली. त्यानंतर मालकाने नाही म्हटलं. कारण दलालाने चाचरत सांगितलं: दिवसभर घरी असणाऱ्या माणसाला जपानी येत नाही, आणि 'स्वयंपाकाच्या वासाची काळजी'.

या कामात नऊ दिवस गेले, त्यात दुसरं घर बघणं बंद होतं, कारण एका वेळी एकच अर्ज चालवायचा अशी इथली रीत. पैसे अडकले नाहीत, करार होईपर्यंत काही भरावं लागत नाही. पण ऐन हंगामातला आठवडा हातचा गेला. मालकाच्या होकाराचा फोन हमीच्या तपासणीआधी करा, असं दलालाला पहिल्याच दिवशी सांगावं. बहुतेक जण करतात. हा म्हणाला होता 'परदेशी चालतील', तेवढ्यावर थांबला.

त्या रात्री काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "यूआरच्या पानावर रोज सकाळी बघायचं. रिकामं झालं की दिसतं, दिसलं की जायचं. जो आधी येईल त्याचं."

२ मार्च, शनिवार

सेइशिन-चोतल्या यूआरच्या वसाहतीत दोन घरं दिसली, गुरुवारी रात्री. शनिवारी कचेरी उघडायच्या आधी दारात.

यूआरमध्ये रेईकिन नाही, दलाली नाही, हमीदार नाही, दोन वर्षांनी वाढवणीचे पैसे नाहीत. अनामत दोन महिन्यांची. पगाराची अट मात्र पक्की: कुटुंबासाठी ८२,५०० ते दोन लाखांच्या आतल्या भाड्याला महिन्याचं उत्पन्न निदान ३,३०,००० येन. नव्याने आलेल्या माणसाकडे इथलं मागच्या वर्षीचं कराचं प्रमाणपत्र नसतं. कंपनीकडून पुढच्या वर्षाच्या अपेक्षित पगाराचा दाखला लागतो, आणि तो त्यांच्याच नमुन्यावर. हा नमुना आधीच छापून कंपनीच्या मनुष्यबळ खात्याकडे देऊन ठेवावा. आमच्याकडे शिक्का मिळायलाच चार दिवस लागले असते, पण काकूंनी आठवण केली होती म्हणून तो तयार होता.

घरं दोन. पहिलं पश्चिमेच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडताच नदीकाठच्या एक्सप्रेसवेचा आवाज, बंद केली तरी एक सलग घरघर. दुसरं आठव्या मजल्यावर, आतल्या अंगणाकडे तोंड करून. मी तिथे पाच मिनिटं काही न बोलता उभी राहिले. खाली घसरगुंडीवरच्या मुलांचे आवाज आणि कोणीतरी झटकलेल्या गादीचा धप्प आवाज, बाकी काही नाही. २एलडीके, ५५ चौरस मीटर. वसाहत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची.

जपानमध्ये जून १९८१ मध्ये भूकंपाचे बांधकाम नियम कडक झाले. पण इमारत कधी पुरी झाली यावर जाऊ नये, परवानगी कधी मिळाली ते बघावं. ८२-८३ मध्ये पुऱ्या झालेल्या इमारती जुन्या नियमांच्याही असू शकतात. कचेरीत खिडकीवरच्या बाईंना इमारतीच्या भूकंपतपासणीचा निकाल विचारला. त्यांनी काही न विचारता संगणकावर काढून इमारतीच्या क्रमांकासमोरचा निकाल दाखवला. नवीन वर्षाच्या दिवशी नोतोला झालेल्या भूकंपानंतर हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतं, असं त्या म्हणाल्या.

भाडं १,२४,३००, सामायिक खर्च ३,४००. तिथेच सही केली.

९ मार्च, शनिवार

स्टेशन ते घर पायी मोजलं. जाहिरातीत १३ मिनिटं. पाठीवर दहा किलो तांदूळ आणि हातात पिशवी घेऊन, सिग्नल धरून, एकोणीस. बस आहे, पावसात बरी पडेल. उत्तरेला गेलं की ग्योसेन पार्क, त्यात वॉर्डाचं छोटं प्राणिसंग्रहालय, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. दक्षिणेला समुद्राकाठचं कासाई रिंकाई पार्क. आमच्या दोघांपैकी जो कोणी दिवसभर लेकीला सांभाळेल त्याच्यासाठी ही दोन नावं घरभाड्याइतकीच महत्त्वाची.

बालवाडीचं: आईवडील दोघं नोकरी करत असतील, किंवा आजारपणासारखं कारण असेल, तरच पाळणाघराच्या सरकारी व्यवस्थेत जागा मिळते. नवरा घरी, म्हणजे आमच्यासाठी योचिएन, इथली बालवाडी. तीन वर्षांपुढच्या मुलांना फीमध्ये महिन्याला २५,७०० येनपर्यंत सवलत वॉर्डाकडून मिळते. प्रवेश मागच्या नोव्हेंबरातच होऊन गेलेले. फोन करत गेले, एका ठिकाणी जागा निघाली.

१६ मार्च, शनिवार

किल्ल्या मिळाल्या. भरलेले पैसे: अनामत २,४८,६०० आणि मार्चच्या उरलेल्या सोळा दिवसांचं भाडं ६५,९००. एकूण ३,१४,५००. उत्तरेकडच्या घराच्या निम्म्याहून कमी.

आता रिकाम्या घराचा खर्च. छताला फक्त दिव्याची जोडणी असते, दिवा नसतो. पडद्यांचे दांडे असतात, पडदे नसतात. शेगडी नाही, एसी नाही. दिवे १६,०००, पडदे १८,०००, शेगडी २४,८००, धुलाई यंत्र ५९,०००, फ्रिज ७८,०००, दोन एसी बसवण्यासकट १,७०,०००. बेरीज ३,६५,८००. यूआरमध्ये वाचलेले पैसे इथे गेले असं म्हणता येईल, पण या वस्तू आपल्या राहतात आणि अनामतही परत येते. रेईकिन परत येत नाही.

शेगडीबद्दल सविस्तर, कारण दुकानात दोनदा जावं लागलं. एक, शहरी गॅसची आणि सिलिंडरच्या गॅसची शेगडी वेगळी असते, आमच्याकडे शहरी. दोन, मोठ्या ज्योतीचा बर्नर डावीकडे की उजवीकडे हे खरेदी करताना ठरवावं लागतं, आणि तो भिंतीपासून लांबच्या बाजूला हवा. आमच्या ओट्याची भिंत डावीकडे, म्हणून मोठी ज्योत उजवीकडे. तीन, तवा रिकामा तापला की ज्योत आपोआप मंद होते. सुरक्षेसाठी बसवलेलं असतं. पोळ्या करणाऱ्यांनी ते काही मिनिटांपुरतं बंद करायचं बटण असलेलीच शेगडी घ्यावी. दुकानातल्या मुलाला हे समजावायला मी फोनवर फुलक्याचा व्हिडिओ दाखवला, मग त्याने बरोबर ती काढून दिली.

२४ मार्च, रविवार

वीज आणि पाणी नेटवरून सुरू झालं. गॅससाठी माणूस घरी येतो आणि आपण हजर असावं लागतं. मार्चअखेरीला त्यांच्या वेळा भरलेल्या असतात, मला आठ दिवस थांबावं लागलं. घराची सही झाली की पहिला फोन गॅसला करावा. फ्रिज आणि धुलाई यंत्राचीही तीच गत. एसीवाले तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातलेच मिळाले.

पत्ता बदलणं: मी कोतो वॉर्डात नोंदलेली होते, त्यामुळे आधी तिथून निघाल्याची नोंद, मग राहायला आल्यापासून १४ दिवसांच्या आत एदोगावाच्या कासाई कचेरीत आल्याची नोंद. बँक, फोन, ऑफिस सगळं त्यानंतर.

१४ एप्रिल, रविवार

नवरा आणि लेक येऊन आठवडा झाला. तिसऱ्या दिवशी तो अंगणात गेला तेव्हा एका तमिळ कुटुंबातल्या आजोबांनी त्याला बाकावर बोलावून शेजारी बसवून घेतलं. पिठाचं दुकान, केस कापायचं दुकान, कचरा कोणत्या वारी कोणता टाकायचा, सगळं त्याला माझ्याआधी कळलं. कचऱ्याचा कागद आता फ्रिजवर त्याच्या अक्षरात आहे.

मी नऊ पंधराला निघते.

११ मे, शनिवार

आज आणि उद्या तोझाई लाइन तोयोचो ते निशी-कासाई पूर्ण बंद, मिनामी-सुनामाची स्टेशनात रूळ बदलायचं काम. हे आधीपासून जाहीर होतं, म्हणून आजच दुसरा रस्ता करून पाहिला. घराजवळून बसने कासाई-रिंकाई-कोएन स्टेशन, तिथून केइयो लाइनने टोकियो स्टेशन. गाडी चांगली, समुद्र दिसतो. टोकियो स्टेशनात मात्र केइयोचा फलाट फार लांब आहे, खालच्या खाली चालत मारुनोउचीच्या दारापर्यंत लेकीसोबत वीस मिनिटं गेली. ओतेमाची त्याच्या पुढे. दारापासून दारापर्यंत तासाला थोडं कमी.

वादळ-वाऱ्यात पूल बंद पडला तर हाच रस्ता. नवऱ्याने बसचं वेळापत्रक फोनमध्ये उतरवून घेतलं आहे. पुराच्या नकाशाची एक प्रत काल वॉर्डाच्या कचेरीतून घेतली, ज्यांना घर बघायचं आहे त्यांनी तिथेच मागावी.